फाटकाच्या आतला रस्ता

रस्त्यांबद्दल तक्रार करणे हा पुणेकरांचा जन्मसिद्ध हक्क आहे आणि तो ते पावसाळ्याचे चार महिने मनसोक्त बजावतात. मे महिन्यात टाकलेले डांबर जुलैत कसे वाहून गेले, नवा रस्ता झाल्यावर आठव्या दिवशी केबलवाले कुदळी घेऊन कसे आले, सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारली की असेच कसे होणार, हे सारे आपण इतक्या अधिकारवाणीने सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावे, या गृहस्थांच्या हाती महापालिका दिली तर सहा महिन्यांत शहराचे रूप पालटेल. गंमत अशी, की आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती एक छोटीशी महापालिका असतेच. फाटकापासून जिन्यापर्यंतचा, वाहनतळापासून कचऱ्याच्या डब्यांपर्यंतचा जो जमिनीचा तुकडा आहे, त्याचे नगरसेवक आपण, अभियंता आपण आणि स्थायी समितीही आपणच.

आणि तिथे आपण काय करतो? तीन कोटेशने मागवतो. सर्वांत कमी दराचे उचलतो. मेच्या अखेरीस, ढग दिसू लागल्यावर, घाईघाईने काम उरकतो. दिवाळीनंतर गॅसची पाइपलाइन घ्यायला तेच उकरतो. फाटकाबाहेर ज्याला आपण भोंगळ कारभार म्हणतो, फाटकाच्या आत त्यालाच ‘सोसायटीचे काम’ म्हणतो.

या तुकड्याला मराठीत धड नावही नाही. वाड्यात तो चौक होता, खेड्यात अंगण, बंगल्यात आवार. सोसायटीत आल्यावर त्याचा कुठे ‘पॅसेज’ झाला, कुठे ‘साइड मार्जिन’, आणि बहुतेक ठिकाणी नुसते ‘पार्किंग’. नाव गेले की मानही जातो. वाड्याच्या चौकात काळ्या दगडाच्या फरशा असत, मध्ये तुळस, कडेला हौद. पाणी कुठून येते आणि कुठे जाते हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असे. डेक्कन जिमखाना किंवा प्रभात रस्त्याकडच्या काही जुन्या बंगल्यांत मोटारीसाठी फक्त चाकांपुरते दोन दगडी पट्टे आणि मध्ये हिरवळ अशी सोय दिसे. त्या पट्ट्यांमागे केवळ हौस नव्हती. जेवढे चाकाला हवे तेवढेच झाकायचे आणि बाकीची जमीन मोकळी ठेवायची, हा त्यात साधा हिशेब होता. आता आपण कुंपणापासून कुंपणापर्यंत सारे फरसबंद करतो आणि त्यालाच स्वच्छता समजतो.

सोसायटीच्या सभेत हा विषय निघाला, की पहिला तास रंगात जातो. लाल आणि करडे की पिवळे आणि करडे, षटकोनी की नागमोडी. कुणाच्या मेहुण्याच्या बाणेरच्या सोसायटीत फार सुंदर डिझाइन असते, तो मोबाइलवरचा फोटो सभेत फिरतो. खाली काय असेल, हे विचारणारा एखादाच निघतो, आणि तो बहुधा निवृत्त ओव्हरसियर असल्याने त्याचे कुणी ऐकत नाही. खरे तर रंग सोडून त्या सभेने दुसऱ्या कशावरही वेळ घालवला असता तरी चालले असते.

कारण फरशी फुटते ती वरून नव्हे, खालून. पुण्याची जमीन सगळीकडे सारखी नाही. कुठे फूटभर खाली कठीण मुरूम किंवा काळा पाषाण लागतो, तर नदीकाठच्या आणि पूर्वेकडच्या अनेक भागांत काळी माती आहे. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडून आकसते. तिच्यावर कितीही महागडी फरशी बसवा, ती दरवर्षी खालीवर होणारच. तिथे काळी माती जमेल तितकी उपसून काढायची, चांगला मुरूम भरायचा, सहा-आठ इंचांच्या थरांनी भरायचा आणि प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर किंवा धुम्मस चालवायचा, याला पर्याय नाही. इमारतीच्या जोत्यालगतची आणि ड्रेनेजच्या चरांवरची भर तर हमखास खचते, कारण बांधकामाच्या वेळी तिथे राडारोडा लोटून वर माती ओढलेली असते. तुमच्या आवारात एका सरळ रेषेत फरशी दबली असेल, तर तिच्याखालून पाइप गेला आहे असे खुशाल समजावे.

हे काम कुणाला दिसत नाही. म्हणूनच ते आधी कापले जाते. वरून कीर्तन, आतून तमाशा ही म्हण आपल्याकडे फरसबंदीच्या ठेक्यांवरूनच पडली असावी.

आता वरच्या थराकडे येऊ. शहाबादी फरशी पुण्याच्या तीन-चार पिढ्यांनी पाहिली आहे. कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादच्या खाणींवरून तिला नाव पडले. हा थरांचा चुनखडीचा दगड, त्यामुळे लाद्या सहज निघतात. पायी चालण्याच्या वाटेला, धुण्याच्या जागेला ती आजही उत्तम. पण मोटारीखाली, त्यातही पोकळ बसवलेली असेल तर, ती कोपऱ्यातून तडकते. डांबर मोठ्या रस्त्याचे. ते गरमच पसरावे लागते, त्यावर रोलर फिरावा लागतो, आणि दोन-तीन हजार चौरस फुटांच्या कामासाठी ही जत्रा आणणे परवडत नाही. शिवाय गाडीतून ठिबकणारे तेल आणि साचलेले पाणी हे दोन्ही डांबराचे वैरी. वाहनतळात अलीकडे टाइल्स बसवण्याची टूम आहे. त्यांच्याबद्दल एवढेच म्हणतो, की जुलैमध्ये सकाळी दूध आणायला निघालेले सत्तरीचे आजोबा त्यावरून चालताना एकदा पाहावेत. चकचकीत पृष्ठभाग, वर शेवाळ्याचा पातळ थर आणि उतारावरची चप्पल. एक मोडलेले खुबा-हाड सोसायटीच्या साऱ्या बचतीपेक्षा महाग पडते.

उरतात दोन खरे उमेदवार, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक.

काँक्रीट टिकाऊ आहे, पण ते शिस्त मागते. एकसलग ओतलेल्या काँक्रीटला तडे जाणार, हे गृहीतच धरायचे असते. प्रश्न एवढाच, की ते आपण ठरवू तिथे जावेत की काँक्रीटला वाटेल तिथे. म्हणून साधारण दहा ते बारा फुटांवर खाचा कापतात, त्याही जाडीच्या किमान पाव खोलीच्या आणि काँक्रीट ओतल्यावर दिवसभराच्या आसपास. आठवड्याने कापलेल्या खाचा शोभेच्या, तोवर तडे आपापल्या वाटेने गेलेले असतात. ‘ट्रिमिक्स’ हा शब्द तुमच्या कानावर आला असेल. त्यात ओल्या काँक्रीटमधले जादा पाणी पंपाने शोषून घेतात आणि मग यंत्राने पृष्ठभाग घोटतात. पद्धत चांगली आहे, पण ट्रिमिक्स केले म्हणून पाणी मारायचे नाही असे सांगणारा कंत्राटदार भेटला तर त्याला चहा पाजून निरोप द्यावा. काँक्रीटची ताकद २८ दिवसांच्या हिशेबाने धरतात, पहिल्या सात दिवसांत तिचा साधारण दोन-तृतीयांश भाग येतो. तोही पृष्ठभाग सतत ओला राहिला तरच. मेच्या उन्हात दुपारी ओतलेले आणि संध्याकाळी एकदा नळीने भिजवलेले काँक्रीट पुढच्या वर्षी झाडूबरोबर पिठासारखे निघू लागते, यात नवल ते काय?

पेव्हर ब्लॉकची गोष्ट वेगळी आहे आणि ती फार थोड्यांनी समजून घेतलेली आहे. हे ब्लॉक खाली चिकटवलेले नसतात. ते एकमेकांना धरून उभे असतात, वारीतल्या दिंडीसारखे. खाली दाबलेल्या खडीचा थर, त्यावर इंच-सव्वा इंच वाळूचा किंवा क्रश सँडचा सैल थर, त्यावर ब्लॉक, मग वरून कंप देणारे यंत्र फिरवायचे आणि सांध्यांत बारीक कोरडी वाळू झाडून भरायची. सांध्यातली ती वाळूच एका ब्लॉकवरचे वजन शेजारच्यांवर वाटून देते. म्हणून कडेला भक्कम काँक्रीटची कड लागते. ती नसली की कडेचे ब्लॉक सरकतात आणि मग सगळी दिंडीच पांगते. अनेक ठिकाणी गवंडी ‘मजबुतीसाठी’ सांध्यांत सिमेंटचे पाणी ओततो. त्याने ब्लॉकचे दोन्ही गुण जातात. पाणी मुरत नाही आणि पुढे कधी काढायचा झाला तर ब्लॉक अख्खा निघत नाही.

ब्लॉकची जाडी हा भारतीय मानक संस्थेने आखून दिलेला विषय आहे. आयएस १५६५८ हे त्याचे मानक, २००६ सालचे, पुढे सुधारलेले. त्या २००६ च्या तक्त्यात नुसत्या पादचारी जागेसाठी ५० मिलिमीटर, हलक्या वाहतुकीला ६०, मध्यमला ८० आणि त्यापुढे १०० व १२० अशा पायऱ्या आहेत, आणि जाडीबरोबर काँक्रीटची प्रतही चढत जाते, एम-३० पासून एम-५५ पर्यंत. आपल्या सोसायट्यांत सर्रास ६० मिलिमीटर वापरतात, कारण ‘आपल्याकडे काय, मारुती आणि स्कूटरीच तर आहेत’.

मारुती आणि स्कूटरीच आहेत? एप्रिल-मेमध्ये रोज सकाळी मागे मागे येत, शिट्टीच्या तालावर, तुमच्या फाटकातून आत कोण शिरते ते आठवून पाहा. दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर. त्यात पाण्याचेच वजन दहा टन, ट्रकचे वेगळे. तो नेमका टाकीच्या झाकणाशी थांबतो, जागच्या जागी चाके वळवतो आणि जाताना गळक्या नळीने तिथली जमीन भिजवून जातो. तुमच्या आवारात ब्लॉक कुठे दबले आहेत ते पाहा, दहापैकी आठ वेळा ती जागा भूमिगत टाकीजवळची असेल. फाटकाच्या आतला रस्ता मोटारीसाठी नव्हे, टँकरसाठी आणि वेळप्रसंगी अग्निशमन दलाच्या बंबासाठी करायचा असतो. जिथवर टँकर येतो तिथवर ८० मिलिमीटरचे ब्लॉक आणि खाली तसाच भरभक्कम पाया. काँक्रीट करणार असाल तर तिथे सहा इंच, नुसत्या मोटारी उभ्या राहतात तिथे चार चालतील. सगळीकडे एकच जाडी हवी असे कुणी सांगितले?

टँकरचा विषय निघालाच आहे, तर एक हिशेब मांडतो. तीन हजार चौरस फूट म्हणजे सुमारे २८० चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होते. पुण्यात वर्षाकाठी सरासरी ७०० मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो. म्हणजे तीन हजार चौरस फुटांच्या नुसत्या जमिनीवर, गच्ची धरलेली नाही, वर्षाला दोन लाख लिटरच्या आसपास पाणी पडते. वीस टँकर! हे वीस टँकर आपण जून ते सप्टेंबरमध्ये फाटकातून बाहेर रस्त्यावर ढकलतो आणि मार्चपासून पैसे मोजून तेच फाटकातून आत आणतो. आणलेल्या टँकरने फरशी फुटते. फुटली म्हणून आपण ती आणखी घट्ट, आणखी सिमेंट घालून करतो. मग पाणी आणखीच मुरत नाही.

हे सगळेच पाणी जमिनीत जाईल असे नाही. काही बाष्प होऊन उडेल, मुसळधार सरीत काही वाहणारच. पण निम्मे मुरले तरी शेजारच्या बोअरवेलला त्याचा काही ना काही उपयोग होतो. आणि बाहेर ढकललेले पाणी कुठे जाते, हे पुण्याने पाहिलेले आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून येणाऱ्या आंबील ओढ्याला पूर आला तेव्हा माणसे गेली, भिंती कोसळल्या, वाहने एकमेकांवर चढली. तो पूर काही कुणाच्या पेव्हर ब्लॉकने आणला नाही. त्या रात्रीचा पाऊसच विलक्षण होता आणि ओढ्याचे पात्र वर्षानुवर्षे आवळले गेले होते. परंतु ओढ्यात येणारे पाणी आकाशातून थेट ओढ्यात पडत नाही. ते हजारो आवारांतून, गच्च्यांवरून आणि रस्त्यांवरून येते. पावसाच्या पहिल्या अर्ध्या तासात आपल्या फाटकातून किती पाणी बाहेर पडते, याची थोडीफार जबाबदारी आपल्यावर आहे असे मला वाटते.

त्यासाठी फार काही करावे लागत नाही. पाहुण्यांच्या गाड्या उभ्या राहतात तो पट्टा जाळीदार ब्लॉकचा करून त्यात गवत किंवा खडी भरता येते. ब्लॉकखाली काँक्रीटचा थर न देता दाबलेल्या खडीचा दिला तर सांध्यांतून काही पाणी उतरते. कुंपणालगत दोन फूट मातीचा पट्टा मोकळा सोडता येतो. उतार असा काढायचा की पाणी जोत्यापासून दूर जाईल आणि रस्त्याकडे न पळता आधी शोषखड्ड्याकडे जाईल. दहा फुटांना दोन इंच एवढा उतार पुरे. शोषखड्डा पायापासून चांगला लांब हवा, आणि त्याची माती दरवर्षी जूनपूर्वी उपसायला हवी, नाहीतर तो डासांचा हौद होतो. काळ्या मातीत पाणी सावकाश मुरते, तिथे खड्डा खालच्या मुरमापर्यंत न्यावा लागतो. तुमच्या आवाराखाली तळघर असेल तर मात्र यातले बरेच लागू नाही. तिथे पाणी मुरू देण्याऐवजी गोळा करून बाजूला न्यायचे, आणि तो निर्णय जाणकार इंजिनिअरला विचारल्यावाचून घेऊ नये.

आणि झाडे. फाटकाजवळचा गुलमोहर, कोपऱ्यातला आंबा, यांच्या खोडाला भिडवून सिमेंट ओतलेले किती तरी ठिकाणी दिसते. वर एक गोल कठडा बांधून त्याला रंगही दिलेला असतो. मुळांना हवा आणि पाणी दोन्ही लागते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांच्या बाबतीत खोडाभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला सांगितले होते. आपल्या फाटकाच्या आत लवाद येण्याची वाट कशाला पाहायची? मुळे फरशी उचलतात अशी तक्रार असते. ती उचलतात हे खरे, पण बहुतेक वेळा मोकळी जागा नाही म्हणून. तिथे तरी काँक्रीट नको, ब्लॉक बरे. मुळी फुगली की चार ब्लॉक काढून पुन्हा बसवता येतात.

एवढे सगळे कळले तरी काम करणारा माणूस कुठून आणायचा, हा प्रश्न राहतोच. इथे पुणेकरांना दूर जायला नको, जंगली महाराज रस्त्यावर जाऊन यावे. १९७० च्या दशकात पावसाने शहरातले रस्ते उखडले असताना श्रीकांत शिरोळे हे तरुण नगरसेवक स्थायी समितीचे अध्यक्ष होते. मुंबईत चांगले रस्ते करणाऱ्या रेकॉन्डो या कंपनीची माहिती त्यांनी काढली, त्या कंपनीकडे या रस्त्याचे काम गेले आणि १९७६ मध्ये रस्ता तयार झाला. कंपनीने हमी दिली होती दहा वर्षांची. पुढची कित्येक दशके तो रस्ता खड्डे न पडणारा रस्ता म्हणून गाजला. अलीकडे पदपथ रुंद करताना त्याचे रूप बदलले, पण कीर्ती गेली नाही.

या कथेतले सगळ्यांना ‘दहा वर्षांची हमी’ तेवढी लक्षात राहते. माझ्या मते महत्त्वाचे त्याआधीचे वाक्य आहे. ज्याला काम द्यायचे त्याची आधीची कामे चांगली ठरलेली होती आणि तेवढ्यासाठी त्याचा शोध घेतला गेला. आपण सोसायटीत काय पाहतो? कंत्राटदाराने दाखवलेले गेल्या महिन्यातले काम. नव्याचे नऊ दिवस सगळ्याच फरशा सुंदर असतात. त्याला विचारावे, ‘तीन पावसाळे काढलेले तुमचे काम कुठे आहे?’ आणि ते पाहायला ऑगस्टमध्ये, पाऊस नुकताच थांबला असताना जावे. पाणी कुठे साचते, कोणता ब्लॉक पायाखाली डुगडुगतो, चेंबरची झाकणे फरशीच्या पातळीत आहेत की वर आली आहेत, हे पंधरा मिनिटांत कळते. तिथल्या वॉचमनशी दोन शब्द बोलावेत. सेक्रेटरीपेक्षा तो खरे सांगतो.

मग कोटेशन. ‘पेव्हर ब्लॉक बसवणे, मटेरियलसहित, अमुक रुपये चौरस फूट’ एवढ्या एका ओळीचे कोटेशन म्हणजे कोरा चेक होय. उकरण किती खोल, निघालेला राडारोडा कोण आणि कुठे टाकणार, मुरूम किती इंच, खडी किती इंच, दाबणार कशाने, ब्लॉकची जाडी आणि प्रत काय, कडा धरली आहे की वेगळी, झाकणांची पातळी कोण जुळवणार, हे सगळे वेगवेगळ्या ओळींत आणि वेगवेगळ्या दराने लिहून घ्यावे. तसे लिहून घेतले की तीन कोटेशनांतला फरक एकदम समजतो. जे सर्वांत स्वस्त असते त्यात पायाच नसतो. ‘ब्रास’ या शब्दावरही लक्ष ठेवावे. तो शंभर चौरस फुटांनाही वापरतात आणि शंभर घनफुटांनाही. मोजमाप दोघांनी मिळून, टेप धरून, काम चालू असताना घ्यायचे. वरचा थर पडल्यावर खालच्या खडीची जाडी मोजायला कुणीही जाऊ शकत नाही.

ब्लॉक मशीनवर दाबून केलेले आहेत की रबरी साच्यात ओतलेले, हेही विचारावे. साच्यातले गुळगुळीत आणि रंगाला छान दिसतात, मशीनवरचे खरखरीत आणि दिसायला साधे. रस्त्याला खरखरीतच घ्यावेत. ब्लॉक पुरेसे दिवस मुरलेले हवेत, परवा पाडून आज ट्रकमध्ये भरलेले नकोत. मोठे काम असेल तर आलेल्या मालातले नमुने आपण स्वतः उचलून प्रयोगशाळेत दाब-चाचणीला द्यावेत. पुण्यात १८५४ सालापासून अभियांत्रिकी शिकवले जात आहे, अशा प्रयोगशाळांची इथे वाण नाही. कंत्राटदाराने आणलेला जुना अहवाल हा दुसऱ्याच ब्लॉकचा असतो.

पैशांचे वेळापत्रक कामाच्या थरांना बांधलेले असावे. थोडी उचल, मग पाया झाल्यावर एक हप्ता, ब्लॉक बसल्यावर दुसरा. काही भाग, निदान दहा टक्के, एक पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवायचा. खरा कंत्राटदार याला कुरकुरत का होईना तयार होतो. जो निम्म्याहून जास्त रक्कम आधी मागतो, त्याचे मागचे काम पैशांवाचून अडले आहे आणि ते आपल्या पैशांवर पुरे होणार आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो. जीएसटीचे बिल नको, तेवढे कमी लावतो, ही लाडीगोडी तर सरळ नाकारावी. बिल नाही म्हणजे पुढे ग्राहक आयोगापुढे उभे राहायला जमीन नाही. ज्या शहरात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, तिथल्या माणसांनी तरी कच्च्या चिठ्ठीवर लाखांची कामे देऊ नयेत. तक्रारीला कायद्याने दोन वर्षांची मुदत आहे, आणि खचलेल्या फरशीवर सोसायट्यांच्या सभाच दोन वर्षे चालतात!

यात कंत्राटदाराची बाजूही आहे. कमिटीतला प्रत्येकजण येऊन वेगळी सूचना देतो, गाड्या हलवायला कुणी तयार नसते, पाणी द्यायला टाकी रिकामी असते, आणि शेवटचे बिल कुणाच्या तरी दारासमोरच्या एका तुटक्या ब्लॉकपायी सहा महिने अडते. चांगली माणसे अशा सोसायट्यांचे काम एकदा करतात, दुसऱ्यांदा फोन उचलत नाहीत. म्हणून सोसायटीच्या वतीने बोलणारा एकच माणूस नेमावा, आणि तो रोज दिवसातून दोनदा कामावर जाईल असा असावा. तो निवृत्त ओव्हरसियर इथे कामाला येतो. उन्हात खडी दाबणाऱ्या मजुरांना प्यायचे पाणी आणि सावली देण्याचे भानही त्यालाच असते.

वेळ कोणती? सोसायटीची वार्षिक सभा कायद्याप्रमाणे सप्टेंबरअखेरपर्यंत होते. तिथे मंजुरी घ्यावी, पावसाळा सरता सरता जुनी कामे पाहून घ्यावीत, दिवाळीत कोटेशने वाचावीत आणि डिसेंबर-जानेवारीत काम करावे. थंडीत काँक्रीट हळू वाळते, मजूर भरदुपारी करपत नाहीत, आणि जूनपर्यंत सारे बसून घ्यायला चार-पाच महिने मिळतात. त्याआधी आवाराखालून जे जे काही जायचे आहे ते एकदाचे घालून घ्यावे. पाण्याची लाइन, गॅस, इंटरनेटची केबल, चार्जिंगची वायर. काहीच ठरले नसेल तर रस्त्याखालून आडवे दोन-चार रिकामे पाइप टाकून ठेवावेत, ते कुठे आहेत याचा नकाशा काढून कार्यालयात लावावा. पुढे केबलवाला आला की त्याला कुदळ न देता नकाशा दाखवायचा.

शेवटचा हप्ता देण्यापूर्वी टाकीतून नळी लावून सगळ्या आवारावर पाणी सोडून पाहावे. कुठे डबके राहते ते खडूने आखावे आणि तेवढे उचलून पुन्हा करून घ्यावे. त्याच मालातले शंभरएक ब्लॉक जास्तीचे मागून ठेवावेत, कारण चार वर्षांनी तो रंग आणि तो साचा बाजारात मिळत नाही. ते कुठे ठेवायचे हेही सभेत ठरवून घेतलेले बरे. सायकलींच्या मागे नुसते रचून ठेवले, तर वर्षभरात त्यातले निम्मे कुणाच्या तरी कुंड्यांखाली जातात.